शेवटच्या थांब्यापुढची जमीन

बाबांनी बांधलेला रस्ता एका पत्र्याच्या शेडपाशी संपतो. शेडमध्ये एक बाक, एक दिवा आणि एक कोरी पाटी. शेड खरी नाही आणि रस्ताही खरा नाही. दोन्ही एका गेममध्ये आहेत, जिथे माणसं ठोकळ्यावर ठोकळा ठेवून मनाला येईल ते बांधत बसतात. बहुतेक जण किल्ले बांधतात. बाबांनी बसमार्ग बांधला.

जन्मभर त्यांनी बस चालवली. निवृत्तीनंतर गुडघ्याने दगा दिला आणि ते घरात बसून सगळ्यांना वाटा दाखवायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर निघाली की "डावीकडे बघून", मी दार उघडलं की "मागे कोण आहे बघ आधी". शेवटी दादाने त्यांच्या लॅपटॉपवर हा गेम घालून दिला. "बाबांना कुठेतरी ड्युटीवर पाठवणं भाग होतं," असं तो अजूनही सांगतो.

त्या जगात बाबांनी एकही राक्षस मारला नाही, सोन्यासाठी खणलं नाही. ते चालत. आधी पुढची जमीन पायाखाली घालून यायची, मगच तिच्यावर रस्ता टाकायचा, ही त्यांची रीत. डोंगर आला की रस्ता डोंगराला वळसा घाली. मोठं झाड आलं तरी तसंच. "ते आपल्या आधी आलंय," म्हणत. आणि सावली दिसेल तिथे थांबा.

"पण बाबा, इथे माणसंच नाहीत. थांब्यावर येणार कोण?" मी एकदा विचारलं होतं.

"थांबा असला की माणूस येतो. आधी माणसं येऊन उभी राहिली आणि मग खात्याने थांबा दिला, असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही."

ते गेल्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या मेलवर गेमच्या कंपनीची सूचना आली. मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासते, लोकांचा मजकूर वाचणं हाच माझा धंदा. पण इतक्या गोड शब्दांत इतकी वाईट बातमी क्वचितच वाचली असेल. जुनी आवृत्ती महिनाअखेर बंद होणार होती. आपापली जगं नव्या आवृत्तीत आणा, असं त्यांचं म्हणणं होतं. नवी जमीन 'अधिक सुंदर' असेल.

याचा अर्थ मला आधी कळलाच नाही. दादाने एक नक्कल करून नव्या आवृत्तीत उघडून दाखवली तेव्हा कळला. त्या जगात सगळी जमीन आधीपासून नसते. आपण चालू लागलो की पावलांच्या जरा पुढे ती तयार होत जाते, आणि एकदा झाली की तशीच राहते. बाबा जिथवर चालले तिथवरची जमीन जुन्या नियमाने झालेली होती. तिच्यापुढची आता नव्या नियमाने होणार होती आणि दोन्ही नियमांची एकमेकांशी ओळखही नव्हती. शेडच्या पुढे काही अंतरावर जमीन साबणाची वडी कापावी तशी कापलेली होती. खाली खोल समुद्र.

"आता यावर काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. रस्ता संपला," दादा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट कुठे तरी संपते हे त्याला मान्य असतं.

मला नव्हतं.

*

बाबा गेल्यापासून मी घरात कुठे धड बसत नव्हते. आईच्या सोबतीला म्हणून माझी जागा सोडून इकडे राहायला आले होते, पण सोबत म्हणावी असं काही माझ्याकडून घडत नव्हतं. फ्रीज उघडायचा, बंद करायचा. बाल्कनीत जायचं, वाळलेले कपडे चाचपायचे, तसेच ठेवून आत यायचं. ऑफिसात एकच ओळ तीन-तीनदा वाचायची आणि तरी चूक सोडायची. "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय," आई म्हणायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. ती स्वतः बाहेरच्या खोलीतून हलत नव्हती. लॅपटॉप मागच्या खोलीत होता आणि त्या खोलीचं दार ती येता-जाता ओढून घेत होती, मी आत असले तरी.

त्या बंद दाराआड मी जमीन बनवायला शिकले.

नव्या आवृत्तीत एक सोय होती: जमीन कशी व्हावी याची स्वतःची कृती लिहून जगाला जोडता येत होती. कृती म्हणजे आकड्यांनी भरलेली एक फाइल. ती कशी लिहायची हे विचारायला मी या गेमच्या खेळाडूंच्या एका गप्पांच्या पानावर गेले आणि तिथे मला मुंगूस भेटली. मुंगूस हे तिने घेतलेलं नाव. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा जगं बनवते. दोन दिवस लिहून सांगून झाल्यावर कंटाळून तिने फोनच केला.

"हे बघ, कॉम्प्युटरला डोंगर माहीत नसतो. त्याला आकडे माहीत असतात. एक मोठी, संथ लाट घे. ती ठरवते कुठे समुद्र आणि कुठे जमीन. तिच्यावर मधली लाट टाक, ते तुझे डोंगर. तिच्यावर बारीक थरथर, ते खाचखळगे. तिन्हींची बेरीज केलीस की झाली जमीन. थांब हं." मग दुसऱ्या आवाजात, "काका, जेवणानंतर. जेवणानंतर म्हणजे जेवल्यावर. नाही, चहा म्हणजे जेवण नाही." मग पुन्हा मला, "कुठे होतो आपण?"

"बेरीज."

"हां. आता किती उंच लाट, किती जवळ जवळ, हे तू ठरवायचंस. डोसचं काम आहे. जरा जास्त झालं की पेशंट गेला." आणि क्षणभर थांबून, "माफ कर. दुकानातली सवय."

"चालेल," मी म्हटलं. खरंच चालत होतं. तिच्याशी बोलताना मी खुर्चीत बसलेली असे.

मला हुबेहूब जुनीच जमीन हवी होती. बाबा चालत राहिले असते तर जी झाली असती ती. मुंगूस म्हणाली की ते होणार नाही. जुना नियम कंपनीच्या पोटात आहे आणि कंपनी तो ओकणार नाही. "तुझ्या हातात फक्त झालेली जमीन आहे. तिच्याकडे बघून अंदाज बांध. डॉक्टरचं अक्षर वाचतो तसं. अर्धं दिसतं, अर्धं माहीत असावं लागतं."

म्हणून मी बाबांचा रस्ता पहिल्या थांब्यापासून चालायला घेतला. मापं घेत चालले: टेकडी किती उंच, पुढची टेकडी किती लांब, पाणी कुठल्या पातळीला. चालता चालता मापं बाजूला राहायची. एका जागी रस्ता उगाच वळला होता. सपाट गवत, डोंगर नाही, झाड नाही. मी थांबून बघितलं तर वळणाच्या आत एक एकटं पिवळं फूल होतं. एक पूल वाकडा होता. बांधता बांधता त्यांना नदीची रुंदी चुकलेली कळली असणार आणि त्यांनी पूल मोडण्याऐवजी वळवला होता. हे वाचताना मी मोठ्याने हसले. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला.

'वाचताना' असं लिहून गेले. राहू दे.

मग मुंगूसने आणखी एक गोष्ट शिकवली. जगाच्या फाइलवरून एक नकाशा काढता येतो: जी जमीन तयार झालीय ती पांढरी, जी झालेली नाही ती काळी. बाबांचं सगळं जग म्हणजे काळ्यावर ओढलेला एक पांढरा पट्टा निघाला, वळत वळत गेलेला. ते कुठे कुठे चालले होते ते सगळं त्यात होतं. शेवटी, शेडच्या पुढे, पट्ट्याला दोन फाटे फुटले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही जवळपास सारख्या लांबीचे. गोगलगायीची शिंगं असावीत तसे. मधे काळं.

म्हणजे ते डावीकडे जाऊन बघून आले होते. उजवीकडेही जाऊन बघून आले होते. आणि शेडपाशी परत येऊन थांबले होते.

मी दादाला नकाशा पाठवला. "कुठून जाणार होते ते?"

"मला कधी सांगितलं नाही," त्याने लिहिलं. आणि मागोमाग, "आईला विचार ना."

आईला विचारायचं म्हणजे ते दार उघडायचं. मी नाही विचारलं. मी ठरवून टाकलं की रस्ता मधून जाईल, दोन्ही शिंगांच्या बरोबर मधून. तिथली जमीन मी बनवीन, इतकी बेमालूम की बाबांनाही जोड दिसणार नाही. एकदा असं ठरल्यावर मला चैन पडायला हवी होती. उलट झालं. ऑफिसच्या बसमध्ये मी आकडे बदलत असे, जेवताना ताटाच्या कडेला बोटाने लाटा काढत असे. दिवसाला कितीतरी जगं बनवायची, दोन पावलं चालायचं, छे म्हणायचं, पुसायचं. समुद्र फार. डोंगर टोकेरी. जमीन बरी पण नद्या उताराच्या उलट्या. एकदा सगळं जग नुसतं बर्फाचं झालं, एका शून्यापायी. मुंगूस म्हणाली, "शून्य दिसायला साधं असतं, पण त्याच्याइतकं आतल्या गाठीचं कोणी नाही."

*

आकडे डोळ्यांना दिसावेत म्हणून एक युक्ती असते. खरी माती-गवत न घालता जमीन रंगीत लोकरीच्या ठोकळ्यांची करायची: लाट जिथे उंच तिथे लाल, मध्यम तिथे पिवळा, खाली निळा. मग एका नजरेत कळतं की कुठली लाट काय करतेय. काम झालं की रंग काढून टाकायचे. मी तशी एक रंगीत कृती बनवली होती, आणि ती नेहमी नकलेवर चालवत होते.

नकला मात्र फार झाल्या होत्या. 'बाबा', 'बाबा-नक्कल', 'बाबा-नक्कल-नवी', 'बाबा-मूळ', 'बाबा-मूळ-हात-लावू-नये'. लेखकांकडून 'अंतिम', 'अंतिम-सुधारित', 'खरंच-अंतिम' अशा फाइली येतात तेव्हा मी त्यांना हसते. आता हसणार नाही.

त्या दुपारी मी रंगीत कृती जोडली, शेडपासून सरळ पुढे चालत गेले आणि आजूबाजूला लाल-पिवळे पट्टे उमलत गेले. छान दिसत होते. लाटा पहिल्यांदाच मला हव्या तशा पडत होत्या. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. लांबवर फिरून आले, गेम बंद केला. मग शिस्तीप्रमाणे मूळ जग पेनड्राइव्हवर नव्याने उतरवून ठेवलं. काम संपलं की मूळ जगाची ताजी प्रत पेनड्राइव्हवर आधीच्या प्रतीच्या जागी, ही शिस्त मीच घालून घेतली होती आणि एकदाही मोडली नव्हती.

रविवारी दादा आला. आईसाठी औषधं आणली, बाल्कनीतला नळ बघितला, मग मागच्या खोलीत येऊन म्हणाला, "दाखव, कुठवर आलंय." मी 'बाबा-मूळ-हात-लावू-नये' उघडून दिलं, कारण जोड कुठे पडायला हवा हे त्याला मुळावरच दाखवायचं होतं.

शेड होती. बाक, दिवा, कोरी पाटी. आणि शेडच्या पलीकडे लाल-पिवळे-निळे पट्टे, नजर पोचेल तिथवर.

"हा सर्कशीचा तंबू कुणी ठोकला?" दादाने विचारलं.

त्या दुपारी मी नक्कल समजून मूळच उघडलं होतं. मी दुसरी नक्कल उघडली, तिसरी उघडली. कुठे रस्ता अर्धा, कुठे समुद्र. त्या सगळ्या मी आधीच कापून-जोडून नासवल्या होत्या. पेनड्राइव्ह लावला. तंबू.

मुंगूसला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे कुणाला तरी "थांबा जरा" म्हणाली आणि या खेपेला गिऱ्हाईक थांबलं.

"कृती बदलता येईल. पुढे कधीही," ती म्हणाली. "पण शिजलेलं शिजलं. ते पुसायचं तर फाइलचे चौकोन असतात, मोठे. अख्खा चौकोन पुसावा लागेल. तुझी शेड त्याच चौकोनात आहे का?"

होती. शेड होती, शेडच्या अलीकडचं वळण होतं, दोन्ही शिंगं होती.

"मग दाढेबरोबर शेजारचे दातही जाणार. बघ, ठरव. घाई करू नकोस. पण चुकूनही त्या रंगात आणखी फिरू नकोस."

फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, "मग पुसू. त्यात काय. शेड परत बांधायची. पत्रा, बाक, दिवा. चहा थंड व्हायच्या आत होईल."

"ती बाबांनी बांधलेली नसेल."

"दिसायला तीच असेल."

"दादा, दिसायला तीच म्हणजे तीच नव्हे."

"अगं, आहे त्या शेडमध्ये तरी काय आहे? ठोकळे आहेत ते! बाबा त्यात नाहीत!" त्याचा आवाज चढला. "महिनाभर तू इथे बसलीयस. आई बाहेर एकटी टीव्हीशी बोलते. मी म्हटलं, जाऊ दे, हिला काहीतरी धरायला हवं. आणि एवढं जपून, जपून, जपून, शेवटी तूच..."

मी उठून खिडकीशी गेले, तिथून दाराशी, तिथून परत. खोली लहान होती.

दार उघडलं. आई उभी होती, हातात रिमोट.

"काय आरडाओरडा लावलाय? शेजारच्यांना वाटेल वाटणीची भांडणं सुरू झाली."

तिने स्क्रीनकडे बघितलं. लगेच मान वळवली नाही. आत आली, टेबलाशेजारच्या खुर्चीवरचा माझ्या मुद्रितांचा गठ्ठा उचलून पलंगावर ठेवला आणि खुर्चीत बसली. इतक्या सवयीने बसली की मला कळलं, ही खुर्ची तिचीच. एवढे दिवस मी तिच्यावर कागद रचत होते.

"हे कापडाचं दुकान कोणी उलथलं?"

"मी," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. लाटा, कृती, नकला, शिस्त. चौकोन पुसला तर शेड जाईल हेही. तिने मधे एकदाही 'म्हणजे काय' विचारलं नाही.

"शेड नाही जाणार," ती म्हणाली.

"अगं पण आई..." दादा.

"पत्रा माझा आहे. ते कौलं घालत होते. मी म्हटलं, ड्रायव्हर, बसथांब्याला कौलं घातली तर लोक राहायलाच येतील."

आई बाबांना ड्रायव्हर म्हणायची. ती त्याच खात्यात कंडक्टर होती. आम्ही झाल्यावर नोकरी सोडली, पण हाक सुटली नाही. बाबा तिला मास्तर म्हणायचे. हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं. हे माहीत नव्हतं की रोज दुपारी, आम्ही दोघं कामावर असताना, ती या खुर्चीत बसत होती.

"तू खेळायचीस?" मी विचारलं.

"मी कशाला खेळू? मी ड्युटीवर होते. त्यांना मागचं दिसायचं नाही त्या खेळात. मागे यायचं झालं की मी कोपऱ्यातला नकाशा बघून सांगायची. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस. कंडक्टरने सांगितल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, नियम आहे. एकदा मी दूध बघायला गेले आणि हे विचारल्यावाचून मागे आले, ते थेट नदीत." ती हसली. दादाही हसला. मी नकाशा काढला, पांढरा पट्टा, दोन शिंगं, आणि तिच्यापुढे ठेवला.

"आई, इथून पुढे कुठे जाणार होते?"

तिने शेडच्या जागेवर बोट ठेवलं.

"दोन्हीकडे बघून आलो आम्ही. डावीकडे पाणथळ आहे, सपाट, शेवटी तळं. उजवीकडे चढ. मग मला विचारलं, मास्तर, कुठून न्यायचा? मी म्हटलं, उद्या सांगते."

बाहेर टीव्हीवर कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. दादा उठून तो बंद करून आला.

"माझं ठरलेलं होतं," आई म्हणाली. "उजवीकडून. त्यांना चढच हवा होता, ते दिसत होतं तोंडावर. पण लगेच हो म्हटलं की ड्रायव्हर डोक्यावर चढून बसतो. रात्रभर टांगून ठेवावं, सकाळी चहाबरोबर सांगावं, असं ठरवलेलं."

सकाळी बाबा बूट घालायला स्टुलावर बसले होते. एक बूट घालून झाला होता. तेवढंच.

आईने नकाशावरून बोट काढलं. "मी या खोलीत येत नव्हते ते त्यामुळे. ते विचारून ठेवून गेलेत, आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं. आलं की आठवतं."

मी महिनाभर दार बंद करून त्या उत्तराच्या जागी जमीन बनवत होते, आणि उत्तर बाहेर टीव्ही बघत होतं.

*

पुसायचं नाही असं ठरलं. खरं तर ठरवायला काही उरलंच नव्हतं. उजवं शिंग बाबांच्या पायाखालची जमीन होती, जुन्या नियमाची, माझ्या रंगांच्या पलीकडून वर चढत जाणारी. रस्ता तिथून जाणार. शिंग संपेल तिथून पुढे माझी कृती.

"आणि हा तंबू?" दादाने विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "खिडकीतून बघायला काहीतरी हवं की प्रवाशांना."

मी रंग काढलेली कृती जोडली आणि ती कशी जमीन करते ते आधी एका रिकाम्या जगात आईला दाखवलं. मला त्या कृतीचा अभिमान होता. सगळी मापं घेऊन, त्यांची सरासरी काढून बनवली होती. हिरवी, हलकी, लांबच लांब जमीन.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग तिने जांभई दिली.

"एवढं सपाट? ड्रायव्हरला झोप येईल गं. कडेला खाली घालेल गाडी."

उंचाची आणि खोलाची सरासरी काढली तर काय उरतं हे मला कळायला हवं होतं. मुंगूसला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दहा पेशंटांचा ताप मिसळून सरासरी काढलीस तर सगळे ठणठणीत निघतात. आईसाहेबांना विचार, डोस किती वाढवू?"

मी मधली लाट वाढवली. आई बघून म्हणाली, अजून. आणखी वाढवली. "बारीक खड्डेही घाल. नसले तर मला खरं वाटणार नाही." बारीक थरथर वाढवली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, तिने डोळ्यांवर हात धरला आणि पुन्हा स्क्रीनकडे बघून मान डोलावली. ती जमीन जुन्या जमिनीसारखी नव्हती. बाबा चालले असते तर अशी झाली नसती. हा विचार आला आणि मी उठले, पाणी पिऊन आले, परत बसले. आईने खुर्ची माझ्या जवळ ओढली.

शेडपासून मी रस्ता टाकायला घेतला. दोन बस एकमेकींना ओलांडतील एवढा रुंद, बाबांच्या मापाने. चढावर एक झाड आलं, मी वळसा घातला. दादा पलंगावर मुद्रितांच्या गठ्ठ्याशेजारी आडवा झाला होता आणि तिथून सूचना करत होता. "वळण जास्त घेतलंस." "तू लिफ्टचं बघ," आई म्हणाली, "लिफ्टला वळण नसतं."

डाव्या हाताला लाल-पिवळे पट्टे खाली खाली जात राहिले. वरून बघितलं तर तेवढे वाईट दिसत नव्हते. वाईटच दिसत होते, पण आपले दिसत होते.

मग शिंग संपलं. बाबा जिथून मागे वळले होते ती जागा नकाशावर बोटाएवढी जवळ आली, आणि तिच्यापुढे काही नव्हतं. म्हणजे मी पाऊल टाकेपर्यंत काही नव्हतं. जोड कसा पडेल? कडा निघाला तर? समुद्र निघाला तर? निघाला तर तो कायमचा. माझं बोट कळीवर होतं आणि खाली जात नव्हतं. एवढे दिवस एका जागी थांबता न येणारी मी, तिथे थांबले.

आईने टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. टक टक. डबल बेल.

मी कळ दाबली. जमीन उमलली. एका पायरीएवढा हिसका बसला, जुनी जमीन जरा वर, नवी जरा खाली, शिवण स्पष्ट दिसत होती. आईने खुर्चीचा हात धरला.

"स्पीडब्रेकर," ती म्हणाली.

पुढे चढ होता, त्याच्यापुढे काय ते दिसत नव्हतं. मी मागे वळून शिवण नीट बघायला लागले, तेवढ्यात तिने माझ्या कोपराला ढोसलं.

"मागे काय बघतेस? चल पुढे, मागून गाड्या येतायत."